अँथियास (समुद्री मासा) पाळायचाय : गंगाखेड, ४५० लिटर टँक. उन्हाळा, पाणी, लाइट सगळं धरून सल्ला द्या

गोदाकाठ (गंगाखेड, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. आपल्या भागात खाऱ्या पाण्याचा टँक चालवणारे मोजकेच, म्हणून सरळ इथंच विचारतो. टँक ४ फूट लांब, २ रुंद, २ उंच, म्हणजे पाणी ४५० लिटरच्या घरात. खाली संप (गाळणीची टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), दोन वेव्हमेकर (पाणी हलवणारे पंप). आत क्लाउन माशांची जोडी आणि एक गोबी मासा. नायट्रेट (कुजलेल्या घाणीतून साचणारं) १० पीपीएमच्या आसपास, सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा, हजारी) ३५. दगड कोरडा आणून मुरवलेला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू बसवलेला आहे. प्रवाळ नाही आणि ठेवायचाही नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो संरक्षित आहे.

क्लाउन एका कोपऱ्यात, गोबी वाळूत, आणि मधला सगळा टँक ओस. तिथं नारिंगी अँथियासचा थवा फिरावा अशी लई दिवसांची इच्छा आहे. पण दुकानदाराला विचारावं तर प्रत्येक मासा 'हार्डी'च असतो. खरोखर दणकट जात कोणती? किती घ्यावेत? नर घ्यावा का? माझं दुकान आहे, सकाळी गेलो की रात्रीच घरी येतो, तर खाणं कसं जमवायचं? आणि मे महिन्याचं काय?

नाथसागर (छत्रपती संभाजीनगर)

गोदाकाठ, टँकचं माप योग्य आहे. याहून लहान असता तर नको म्हणलो असतो.

आधी जात. लायरटेल, म्हणजे स्यूडॅन्थियास स्क्वामिपिन्निस, डोळे झाकून पहिली पसंती. तांबड्या समुद्रापासून आफ्रिकेचा किनारा, मालदीव करत पार प्रशांत महासागरापर्यंत सापडतो. मादी सोनेरी-नारिंगी, डोळ्याखालून जांभळट पट्टी. नर गुलाबी-जांभळा, पाठीच्या पराचा एक काटा लांब दोऱ्यासारखा वर आलेला. हा मासा कोरडं खाणं शिकतो, आणि या घराण्यात तीच मोठी गोष्ट. दुसरा बार्टलेट अँथियास. तो प्रशांतातला, आकाराने लहान (९ सेंमीपर्यंत), स्वभावाने जरा मवाळ, तब्येतीने तितकाच भक्कम. पण आपल्याकडे कमी येतो आणि महाग पडतो. तिसरा बायकलर, तोही चालतो, मात्र १२-१३ सेंमी होतो.

आता जे घ्यायचे नाहीत ते. पर्पल क्वीन नको, आणि एव्हान्स तर नकोच. एव्हान्स आपल्याच हिंदी महासागरातला, जांभळ्यावर पिवळी पाठ, बघितला की हात खिशाकडे जातो. पण तो दिवसभर बारीक प्लवक टिपत राहणारा मासा. दुकानात आठवडाभर उपाशी राहिलेला असतो, घरी आणल्यावर खातो-न खातो आणि वाळत जातो. दुकानदार दोन्ही एकाच टबात ठेवून एकाच नावाने विकतात, तेव्हा फोटो सोबत ठेवा.

'हार्डी' शब्दावर फार विसंबू नका. लायरटेल हार्डी आहे तो पर्पल क्वीनच्या मानाने. क्लाउनला दोन दिवस खायला नाही मिळालं तरी तो काचेला नाक लावून उभा असतो. अँथियासची पाठ दोन दिवसांत बसायला लागते. अंगात साठा नसतोच त्याच्या. समुद्रात प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं आणि येईल तो कण टिपायचा, हे त्याचं दिवसभराचं काम.

किती घ्यावेत? ५ माद्या. नर घेऊ नका.

हिंगोलीकर

वाचनखूण साठवली. पण नर कामून नको? नुसत्या माद्या ठेवून काय करायचं?

नाथसागर

नर आपोआप होतो, हिंगोलीकर! अँथियास सगळे आधी मादी असतात. थव्यातला नर गेला की सगळ्यात वरचढ मादी नर होते. लेव्ह फिशेल्सन यांनी १९७० साली 'नेचर'मध्ये हेच याच लायरटेलवर दाखवलं होतं : नर समोर असला तर माद्या माद्याच राहतात, तो काढला की एकीचं रूपांतर सुरू. पुढे १९८० च्या सुमाराला डग्लस शापिरो यांनी थव्यातून एकदम अनेक नर काढून पाहिले. जितके नर काढले तितक्याच माद्या बदलल्या, तेही एकामागून एक, जणू रांग ठरलेली होती.

आपल्या टँकमध्ये त्याचा अर्थ असा की ५ लहान माद्या सोडा, त्यातली एक काही आठवड्यांत गुलाबी पडायला लागेल. घरात वाढलेला नर बाकीच्यांना ओळखून असतो. बाहेरून आणलेला तयार नर मोठा, दमलेला आणि चिडका असतो, ४ फुटांत माद्यांना पळायला जागा राहत नाही. दोन नर तर अजिबात नकोत. आणि सगळ्या एकाच दिवशी सोडायच्या, नाहीतर आधीच्या नंतरच्यांना टिकू देत नाहीत.

दुधना_ताई (जालना)

खाण्याचं मी सांगते, कारण या घरात माशांची पंगत माझ्याकडेच आहे.

गोदाकाठ भाऊ, दिवसातून ३ वेळा हा कमीत कमी आकडा धरा, ४-५ वेळा झालं तर उत्तम. एकदम मूठभर टाकून भागत नाही, उरलेलं कुजतं आणि नायट्रेट चढतं. तुम्ही दुकानात असताना ऑटोफीडर लागेल. बारीक गोळी घ्या, अर्धा ते एक मिलिमीटरची, आणि फीडर वेव्हमेकरच्या धारेवर बसवा. गोळी पाण्यात फिरली पाहिजे. तळाशी गेलेल्या गोळीकडे हा मासा ढुंकून बघत नाही. पावसाळ्यात फीडरच्या तोंडाशी गोळ्या दमट होऊन चिकटतात, आठवड्याला पुसून घ्यायचं.

पण नवा मासा पहिल्या दिवशी गोळी खात नाही. त्याला आधी हलतं-डुलतं काहीतरी हवं. मी आर्टेमियाची (कोळंबीसारख्या बारीक जिवाची) पिल्लं अंड्यांतून घरीच काढते. उलटी केलेली प्लास्टिकची बाटली, लिटरला २५-३० ग्रॅम मीठ, खालून हवा, वर दिवा, २८ अंशांच्या आसपास २४ तासांत पिल्लं बाहेर. आपल्याकडे मार्च ते ऑक्टोबर त्याला वेगळी ऊब द्यावी लागत नाही, हा एक मराठवाड्याचा फायदाच. हवा बंद करून दिवा खाली धरला की टरफलं वर तरंगतात, पिल्लं खाली उजेडाकडे गोळा होतात, नळीने खालून ओढून घ्यायची. फुटल्यावर लगेच द्या. बारा तास ठेवली की अंगातली चरबी घटत जाते, मग ती नुसती हलणारी धूळ.

पिल्लांवर मोठा अँथियास पोसत नाही, ती भूक चाळवायला. पोटाला मायसिस (कोळंबीसारखा बारीक समुद्री जीव). गोठवलेला मायसिस इथवर येईपर्यंत वितळून परत गोठलेला असू शकतो. चौकोनी वडीच्या कडा ठसठशीत असतील तरच घ्या, गोळा झालेला असेल तर परत करा. मायसिस मिळालाच नाही तर बाजारातली कोळंबी सोलून, धुऊन, बारीक चिरून गोठवा. आणि आठवडी बाजारात सुका जवळा मिळतो ना, तो मीठ न लावलेला बघून आणायचा, भिजवायचा, मिक्सरला एक झटका द्यायचा, चहाच्या गाळणीत धुवायचा. माझे मासे तुटून पडतात. रोज तोच नको, पण आधार चांगला आहे.

गोळी शिकवायची ती मायसिसच्या पाण्यात भिजवून, थोडी थोडी मिसळत. बहुतेक लायरटेल दोन-तीन आठवड्यांत घेतात. एक शिकली की बाकीच्या बघून शिकतात, म्हणून तरी थवा बरा.

मांजराकाठ (लातूर)

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं शहर आहे आमचं. पहिली गाडी १० वाघिणींची, ५ लाख लिटर. घागरी घेऊन रात्र रात्र बसलेली माणसं आम्ही. आता हिशोब करा. मेमध्ये उघड्या टँकवर पंखा लावला की रोज ७-८ लिटर उडणार. महिन्याचे झाले सव्वादोनशे-अडीचशे लिटर. वर पाणीबदलाचे ९०. म्हणजे सव्वातीनशे लिटर आरओचं पाणी. घरगुती आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. ५ माशांसाठी मेमध्ये हजार लिटर लागलं. टँकर दारात उभा असताना शेजाऱ्याला काय सांगणार?

आणि बदललेलं खारं पाणी कुठं ओतायलेत लोक? ४५ लिटरमध्ये दीड किलोच्या वर मीठ असतं. ते परसात, झाडाला, आडाजवळ ओतायलेत. जमीन मरते त्याने.

गोदाकाठ

राग कशाचा, मांजराकाठ. प्रश्न बरोबरच आहे. आरओचं टाकाऊ पाणी आमच्याकडे धुण्याला आणि फरशीला जातं, त्याची टाकी वेगळी आहे. तरी हजार लिटरचा आकडा मी असा मांडून पाहिला नव्हता.

बालाघाट (बीड)

मांजराकाठचा हिशोब खरा हाय, पण उपाय पण हाय. पावसाचं पाणी धरा की राव!

हजार चौरस फुटांचा स्लॅब असंल तर १० मिलिमीटर पावसात हिशोबानं ९०० लिटर उतरतंय. आपला पाऊस कमी म्हणून रडायलो आपण, पण टँकपुरता तो लई झाला. जूनचे पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्यायचे, स्लॅब धुऊन निघू द्यायचा. मग कापडातून गाळून खाण्याच्या दर्जाच्या निळ्या पिंपात, झाकून, अंधारात. वापरताना कार्बन आणि डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार धरणाऱ्या दाण्यांतून) काढायचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दिसला की झालं. बोअरच्या ८००-१००० टीडीएसपेक्षा रेझिन कितीतरी पट टिकतंय, आणि टाकाऊ पाणी शून्य. फक्त पत्र्यावरचं पाणी घेऊ नका. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यातून जस्त उतरतंय, खाऱ्या टँकला ते विषच.

खारं पाणी गटारीत. झाडाला नाही म्हंजे नाही.

मांजराकाठ

हे पटलं. पावसाळ्यात २००-२०० लिटरची तीन पिंपं भरून ठेवली तर मे निघतोय बऱ्यापैकी. मग माझा विरोध निम्मा कमी समजा.

नाथसागर

बालाघाट, मस्त. त्यात एवढंच घालतो की उडालेल्या पाण्याची भरपाई कायम गोड्या पाण्यानेच करायची, मीठ उडत नाही. ऑटो टॉपअप (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारं यंत्र) बसवा. हाताने रात्री एकदम ८ लिटर ओतलं तर दिवसभर वर चढलेली सॅलिनिटी धाडकन खाली येते.

आता उन्हाळ्याकडे येऊ. अँथियासला २४ ते २७ अंश हवेत. २९ वर काही दिवस काढतील, पण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि हा सतत पोहणारा मासा, त्याला तो जास्त लागतो. आपल्याकडे मार्च ते मे हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा मारला तर पाणी ३-४ अंशांनी सहज उतरतं. बाहेर ४२ असताना हे चालतं आणि जूनच्या ३५ ला चालत नाही, कारण तोवर हवेत दमटपणा आलेला असतो. मोठे हाल जूनमध्ये होतात, पाऊस लांबला तर. कूलरच्या खोलीत टँक असेल तर तिथंही पंख्याचा गुण येत नाही, हवा आधीच ओली.

चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घेणार असाल तर त्याची गरम हवा खोलीबाहेर गेली पाहिजे. बंद कपाटात चिलर ठेवलेला बघितलाय मी. बिचारा स्वतःच तापवलेली हवा गार करत बसतो, मीटर पळतं आणि पाणी २९ चं २९.

आणि लोक विसरतात ते थंडीचं. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक आकडी होतो. हीटर लागणारच, एका मोठ्यापेक्षा दोन लहान बसवा. एक चालू अवस्थेत अडकला तरी टँक उकळत नाही.

बालाघाट

लाइटचं कोणी बोललंच नाही!

इन्व्हर्टरवर चिलर, हीटर काही घेऊ नका. एक डीसी वेव्हमेकर आणि एक हवेचा पंप, दोन्ही मिळून ३० वॅट. १५० एएचची बॅटरी त्याला रात्रभर पुरून उरतीय. पाणी हललं पाहिजे, बाकी सगळं थांबलं तरी काही तास निघतात. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप गुणगुण करून तापतंय, साइन वेव्हच घ्या. आणि एकदा मुद्दाम मेन स्विच पाडून बघा, वरचं पाणी संपात उतरून बाहेर तर सांडत नाही ना. हे दिवसा बघायचं, आपण जागे असताना.

पनवेलमुक्काम (मूळचा नांदेडचा)

मासे मुंबईहून आणणार असाल तर थोडं माझ्याकडून. कुर्ल्याच्या बाजारात महिन्यातून एखादी चक्कर असतेच.

मासा विकत घेण्याआधी खाताना बघायचा. 'सकाळीच खाल्लंय' हे उत्तर चालत नाही, थोडंसं टाकायला लावा. पोट आत गेलेलं, डोक्यामागे पाठ बसलेली असेल तर पुढं चला. डोकं खाली, शेपूट वर करून तरंगणारा मासा खोल पाण्यातून घाईने वर काढलेला असतो, आतली हवेची पिशवी फुगलेली. तो सुधारेल या आशेवर पैसे घालू नका. तसंच अंगावर लालसर ओरखड्यासारखा डाग असेल तर त्या टबातला एकही मासा नको. युरोनिमा नावाचा परजीवी असतो, अँथियास आणि क्रोमिस या माशांना विशेष, आणि तांब्याच्या औषधाने तो जात नाही.

प्रवासाच्या आदल्या दिवशी खायला द्यायचं नाही. प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत, एक तृतीयांश पाणी, वर ऑक्सिजन, थर्मोकोलचा डबा. देवगिरी एक्स्प्रेस रात्री मुंबई सोडते आणि सकाळी आपल्याकडे असते, सगळा प्रवास गार वेळात. एसी डब्यात हाताशी घेऊन बसा. एप्रिल-मेमध्ये मात्र हा उद्योग नको.

घरी पोचल्यावर थेंब थेंब पाणी सोडत तासभर बसायची पद्धत रात्रभराच्या पिशवीला लावू नका. बंद पिशवीत अमोनिया साचतो, पण कार्बन डायऑक्साइडने पीएच खाली असतो म्हणून तो फार बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यापेक्षा दुकानदाराला सॅलिनिटी आधीच विचारा. पुष्कळजण कमी ठेवतात. तुमच्या क्वारंटाइन टँकचं पाणी तेवढंच करून ठेवा. पिशवी न उघडता १५-२० मिनिटं तरंगवा, उघडा, मासा जाळीने उचला, टाका. पिशवीतलं पाणी टाकून द्या. सॅलिनिटी मग काही दिवसांत हळूहळू ३५ वर.

गोदाकाठ

क्वारंटाइन टँक लागेलच का? ५ मासे आहेत, जागा कमी आहे.

नाथसागर

लागेल. यावर वाद नको. पांढऱ्या ठिपक्यांचा क्रिप्टोकॅरियोन परजीवी तुमच्या क्लाउनसकट सगळं साफ करेल, आणि मुख्य टँकमध्ये औषध टाकता येत नाही, दगड तांबं शोषून बसतो.

१०० लिटरचा साधा काचेचा टँक, रिकामा तळ, पीव्हीसीचे तुकडे लपायला, मुरलेला स्पंज फिल्टर. पहिला आठवडा नुसतं खाऊ घाला, उजेड कमी ठेवा. खायला लागले की मग चिलेटेड कॉपर (तांब्याचं औषध), ४-५ दिवसांत चढवत २ ते २.५ पीपीएम, आणि टेस्ट किटने रोज मोजायचं. अंदाजपंचे नाही. महिनाभर. एखादी खायची थांबली तर चढवणं थांबवा. कल्ल्यांतल्या कृमींसाठी प्राझिक्वान्टेल नंतर, वेगळं.

५ माद्या १०० लिटरमध्ये महिनाभर म्हणजे अमोनियावर डोळा हवा. मूळ टँकचं पाणी काढून तिथं टाकत राहा, तेवढंच मिठाचं पाणी वाचतं, मांजराकाठही खूश.

हिंगोलीकर

एक भाबडा प्रश्न. लग्नसराईत आठवडाभर गावाला जायचं झालं तर?

दुधना_ताई

फीडरवर भागतं, जर मासे गोळीवर पक्के झाले असतील तर. जायच्या आधी आठवडाभर तोच फीडर, त्याच वेळा, आपण घरात असताना चालवून बघायचा. शेजाऱ्याला खाणं देऊ नका, प्रेमापोटी डबाभर टाकतात. शेजाऱ्याला फक्त 'पाणी हलतंय का, पंखा फिरतोय का' एवढं बघून फोन करायला सांगा. टॉपअपचं पिंप भरून ठेवा. आणि पहिल्या वर्षी लग्नाला एकजण जा, एकजण घरी राहा, हे माझं मत. आमच्याकडे यावर भांडण झालंय, पण मत तेच आहे.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं : या पावसाळ्यात पिंपं भरतो, तोवर क्वारंटाइन टँकचा स्पंज मुख्य संपमध्ये मुरत ठेवतो. दसऱ्यानंतर ५ लायरटेल माद्या. पनवेलमुक्काम, तेव्हा तुमची नांदेडची फेरी असेल तर परभणी स्टेशनावर डबा घ्यायला मी येईन, गंगाखेडहून तासाभराचं अंतर. टँकला सध्या वर झाकण नाही, ते चालेल ना?

पनवेलमुक्काम

दिवाळीच्या आधी येणं आहेच. तारीख व्यक्तिगत निरोपात कळवतो. डब्याचा आकार मी बघतो, तुम्ही सॅलिनिटीचा आकडा विचारल्यावर लगेच पाणी करून ठेवा. रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजायचं यंत्र) ३५ च्या द्रावणावर जुळवा, साध्या आरओ पाण्यावर जुळवला की वरचा आकडा चुकू शकतो.

दुधना_ताई

झाकण नाही तर मासे आणूच नका, भाऊ. अँथियास घाबरला की वर उसळतो, रात्री अचानक दिवा लावला तरी. काच नको, काचेने उष्णता कोंडते आणि पंख्याचा उपयोग जातो. ॲल्युमिनियमच्या चौकटीत नायलॉनची पारदर्शक जाळी ताणून घ्या, ६ मिलिमीटरचं छिद्र, खिडक्या करणारा कोणीही करून देतो. फीडरपुरतं भोक ठेवायला सांगा. कॉपरची टेस्ट किट माझ्याकडे निम्मी शिल्लक आहे, मुदत पुढच्या वर्षीची. परभणी माझं माहेर, नवरात्रात येईन तेव्हा घेऊन येते.